एफडीवरचं दुसरं नाव

ड्रायक्लीनरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. त्यामुळे तेवीस वर्षं मी एका परीनं वाफेवर बसून काम केलं. खाली इस्त्रीचं मशीन मिटलं की फस्स असा आवाज यायचा, लाकडी जमिनीच्या फटींतून कोमट वास वर चढायचा आणि माझ्या टेबलावरचे कागद किंचित मऊ पडायचे. उन्हाळ्यात खिडकीबाहेरच्या चेस्टनटच्या झाडांना पानं भरली की दुपारचा उजेड हिरवा होऊन आत यायचा. त्या उजेडात बसलं की आपण लंडनमधल्या हॅरोजवळच्या बसच्या रस्त्यावर नसून कुठल्यातरी तळ्याच्या तळाशी बसलो आहोत असं वाटायचं. तिथे बसून मी अमेरिकन लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरायचे.

ईरा, नील, तुम्ही लहान असताना अमेरिकेहून सुट्टीला आला होतात तेव्हा एकदा विचारलं होतंत, "आजी, तू ऑफिसात काय करतेस?" मी म्हटलं होतं, "अमेरिकेबाहेर राहणाऱ्या माणसांची खबर अमेरिकेला कळवते." नीलला मी हेर वाटले होते आणि तो दोन दिवस माझ्याशी जपून बोलत होता. आता तुम्ही दोघंही अठरा ओलांडलीत, तेव्हा नीट सांगायला हरकत नाही. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाविषयी लिहून मागितलंय, म्हणून तुम्हाला लिहायचं ते इथेच लिहिते. वाचताना अडलं तर बाबाला विचारा. त्यालाही अडलं तर मला फोन करा.

बहुतेक देश तुम्ही जिथे राहता, कमावता, तिथला कर मागतात. अमेरिका पासपोर्ट बघते. अमेरिकन माणूस लंडनमध्ये राहो की लडाखमध्ये, त्यानं दरवर्षी आपली मिळकत तिकडे कळवायची. इथे भरलेला कर तिथे वजा मिळतो, त्यामुळे बहुतेकांना द्यावं काहीच लागत नाही. सांगावं मात्र लागतं. शिवाय आणखी एक फॉर्म असतो. अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदा जरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर प्रत्येक खातं त्यात लिहायचं. बँक कोणती, नंबर काय, वर्षभरात जास्तीत जास्त किती रक्कम होती. आणि खातं दोघांच्या नावावर असेल तर त्या दुसऱ्या माणसाचं नाव आणि पत्ता. हा फॉर्म पैसे मागत नाही, त्याला फक्त माहिती हवी असते. पण ती दिली नाही तर दंड अंगावर येण्याइतका मोठा असू शकतो.

आमचे साहेब वॉल्टर. नेब्रास्काचे, चाळीस वर्षं इंग्लंडमध्ये राहून चहाला हात न लावलेले. ते म्हणायचे, "सुमन, आपण डेंटिस्ट आहोत. लोक दुखायला लागल्यावर येतात आणि आल्यावर तोंड उघडत नाहीत."

काही मात्र नुसते तोंड उघडायलाच येत. बेसिंगस्टोकहून एक सॉफ्टवेअरवाला दर जूनमध्ये कागद हातात घेऊन यायचा. सगळं ईमेलनं पाठवता आलं असतं. त्याचं काम दहा मिनिटांचं आणि त्यानंतर तासभर तो वॉल्टरशी बर्फाविषयी बोलायचा. इथल्या बर्फाला तो बर्फ मानत नसे. टेक्सासच्या एक विधवा बाई होत्या, त्या कागद टोपीच्या गोल डब्यातून आणायच्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती तरी तिकडच्या एका बँकेत त्याच्या नावाचं खातं तसंच होतं, आत जेमतेम चाळीस डॉलर. मी व्यवस्थितपणाची पुतळी. मी म्हटलं, हे बंद करून टाकू, दरवर्षीचा एक कागद कमी होईल. बाई म्हणाल्या, "त्याच्या नावानं एवढं एकच टपाल येतं." वॉल्टरनी माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली. मी तो कागद परत डब्यात ठेवला. त्यातून काही शिकायला हवं होतं. ते मी त्या वेळी शिकले नाही, आणि आता सांगणार आहे ते त्याचंच.

अनघा नॉटिंगहॅमहून आली ती मे महिन्यातल्या एका शनिवारी. तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, वय तिशीच्या आत. कोटही न काढता खुर्चीच्या टोकावर बसली.

"काकू, मी काही चोर नाहीये."

"नीट बस आधी. चोर इतक्या सकाळची ट्रेन पकडत नाहीत."

तिच्या इथल्या बँकेचं लेटर आलं होतं. तुम्ही अमेरिकन नागरिक आहात का, असं त्यात विचारलं होतं. तिनं प्रामाणिकपणे 'हो'वर टिक केली आणि विसरून गेली. मग कॅन्टीनमध्ये कुणीतरी म्हणालं, मग तू तिकडे रिटर्न भरत असशील ना? तेव्हापासून तिची झोप गेली होती.

"जन्म ओहायोचा. बाबा दोन वर्षं रिसर्चला होते. मी अकरा महिन्यांची असताना आम्ही परत आलो. मला तिकडचं काही म्हणजे काही आठवत नाही. मग बाबांच्या बदल्या चालू, म्हणून मी नागपूरला आजीकडेच वाढले. पासपोर्ट तेवढा रिन्यू करत राहिले. आजी म्हणायची, असू दे, काही खायला मागतो का तो?"

"मागतो," मी म्हटलं. "इथली खाती सांग."

करंट अकाउंट, सेव्हिंग्ज, पेन्शन. मी लिहून घेतलं.

"आणि भारतात?"

"भारतात माझं काही नाही."

हे वाक्य मी आपल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावरचा पुढचा प्रश्न माझा ठरलेला होता. तो कुठल्याही फॉर्मवर नाही. "आजीनं कधी तुझ्या सह्या घेतल्या होत्या का?"

"बारावीच्या सुट्टीत. गठ्ठाच होता, अर्धे फॉर्म कोरेच. इथे कर, इथे कर म्हणत होती, मी करत गेले. टीव्हीवर मॅच चालू होती." मग तिच्या लक्षात आलं. "ओह नो, काकू."

ईरा, नील, हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आपल्याकडची म्हातारी माणसं बँकेत मुदतीची ठेव ठेवतात, तिला सगळे एफडी म्हणतात. ती सहसा एकट्याच्या नावावर नसते. खाली दुसरं नाव घालतात, मुलाचं, सुनेचं, नातीचं. आपल्या पाठीमागे कुणाला हेलपाटे पडू नयेत म्हणून. मरणाचा विषय न काढता केलेली ती सोय असते. ज्याचं नाव असतं त्याला बऱ्याचदा पत्ताही नसतो. पण अमेरिकेच्या फॉर्मला ही रीत ठाऊक नाही. तुझं नाव आहे, म्हणजे खातं तुझं.

"किती असतील?" मी विचारलं.

"माहीत नाही. तिची एक वही आहे. ती कुणाला दाखवत नाही." मग अगदी हळू म्हणाली, "काकू, दंड लागला तर तो आजीच्या पैशातून जाईल का? तिनं चौतीस वर्षं शाळेत शिकवलंय. ते पैसे माझे नाहीतच."

तिची भीती एवढीच होती. स्वतःच्या पगाराविषयी तिनं एकदाही विचारलं नाही.

मी तिला वाट सांगितली. अजाणता चुकलेल्या आणि अमेरिकेबाहेर राहणाऱ्या माणसांसाठी एक सोय आहे. मागच्या तीन वर्षांची रिटर्न्स भरायची, सहा वर्षांची खाती कळवायची आणि एक निवेदन लिहायचं. हे का राहून गेलं, ते आपल्या शब्दांत, सुरुवातीपासून. ते पटलं तर दंड नाही. पण ते शपथेवर असतं. एक खातं जरी सुटलं तर ते खोटं ठरायचं.

"म्हणजे वही हवी," अनघा म्हणाली आणि तिथूनच तिनं नागपूरला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"आजी, तुझ्या एफडींचे नंबर हवे होते गं."

तिकडे पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग, "का? माझे रिपोर्ट आले का तुझ्याकडे?"

"नाही गं, तसं काही नाही."

"मग घाई कशाची आहे? मी आहे अजून."

फोन ठेवला गेला. खाली मशीन मिटलं, फस्स झालं. अनघानं फोन पर्समध्ये टाकला. आपल्या घरांतून म्हाताऱ्या माणसाला ठेवींचे नंबर विचारणं म्हणजे काय, हे मला माहीत होतं. ते मी कुठल्या निवेदनात लिहिणार होते?

"मी बोलू का त्यांच्याशी?" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर मी स्टॅनमोरच्या आमच्या स्वयंपाकघरातून फोन केला. सगळं नागपूर त्यांना बाई म्हणतं असं अनघानं सांगितलं होतं. मीही बाईच म्हटलं.

"नमस्कार बाई. मी सुमन साने, लंडनहून. अनघाचे कागद मी बघते."

"वकील आहात?"

"नाही. फॉर्म भरते."

"किती वर्षं?"

"पंधरा होतील."

"चुकलात कधी?"

"चुकले. एका माणसाला अविवाहित दाखवला. त्याची काही तक्रार नव्हती, त्याच्या बायकोची होती."

बाई हसल्या. खोकल्या. मग वर्गात विचारावं तसं विचारलं, "आता माझ्या अनघाचं काय चुकलं ते सांगा. गोल गोल नका सांगू."

मी सरळ सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे मी अडकवलं पोरीला."

"तुम्ही मायेनं केलंत बाई."

"ते राहू द्या. अडकवलं की नाही?"

"हो. पण सुटेल. वही लागेल मात्र."

"वहीत नुसते नंबर नाहीत हो." मग त्या म्हणाल्या, "शेवटचा रकाना तिला दाखवू नका. डोक्यावर बसेल."

मी कबूल केलं.

शेजारच्या मुलीकडून फोटो काढून बाईंनी वही पाठवली. सव्वीस एफडी होत्या. लाल शाईनं आखलेले रकाने, त्यात नंबर, रक्कम, तारीख, मुदत, आणि शेवटच्या रकान्याला शीर्षक होतं 'निमित्त'. मी तो पुठ्ठ्यानं झाकून काम करायचं ठरवलं होतं. एक दिवस जमलं.

'अनघाला गोवर. सात दिवस.' 'अनघा दुसरी आली, रडली. पेढे तरी आणले.' 'अनघा होस्टेलला. घर मोठं झालं.' 'अनघा इंग्लंडला. विमान वेळेवर.'

मी नागपूर पाहिलेलं नाही. पण त्या आठवड्यात दुपारच्या हिरव्या उजेडात मी तिथे जाऊन येत होते. एका हातानं रुपयांचे डॉलर करायचे, वर्षाच्या शेवटच्या दिवसाच्या दरानं, आणि दुसऱ्या हाताखाली एक मुलगी वाढत असायची. खालून वाफ चढत होती आणि मला वाटायचं, कुठेतरी गोवर झालेल्या पोरीच्या अंगावरची चादर कुणीतरी इस्त्री करतंय. एफडीची मुदत संपली की ती नव्या नंबरानं पुन्हा सुरू व्हायची, त्यामुळे मागचा धागा शोधत जावं लागायचं. गोवराची एफडी तीनदा नवी झाली होती. प्रत्येक वेळी बाईंनी निमित्त पुन्हा लिहिलं होतं, तितकंच, 'सात दिवस'सकट.

निवेदन अनघानं लिहिलं, मी फक्त ओळीनं लावलं. ती पुढच्या दोन शनिवारी आली. पहिला खर्डा माफीनामा झाला होता. मी म्हटलं, माफी नको, काय घडलं ते लिही. मग तिनं लिहिलं की ही खाती माझ्या आजीनं उघडली, ती जिथे बोट ठेवत गेली तिथे मी सही करत गेले, आणि मी न वाचता सही केलेले आयुष्यातले ते एकमेव कागद आहेत. वॉल्टरनी ते दोनदा वाचलं. "याला हात लावू नकोस," म्हणाले आणि कॉफी करायला उठले.

कागद गेले. अशा कागदांना शाबासकीचं उत्तर येत नाही. प्रश्न आले नाहीत म्हणजे झालं, असं समजायचं. महिने गेले, प्रश्न आले नाहीत. बाईंचे पैसे होते तिथे राहिले. अनघानं एक दिवस फोनवर सांगितलं, "काकू, मी काल दहा तास झोपले."

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला मोकळं टेबल आवडतं. मी बाईंना आपणहून फोन केला आणि सांगितलं, पुढे दरवर्षी या सगळ्या ठेवी कळवाव्या लागतील, त्याची आमची फी, तिचा वेळ. त्यापेक्षा अनघाचं नाव काढून टाका आणि मृत्युपत्रात सोय करा. ते जास्त सुटसुटीत.

"दरवर्षी काय लिहावं लागतं तिला?" बाईंनी विचारलं.

"बँक, नंबर, रक्कम. आणि तुमचं नाव, पत्ता."

"वर्षातून एकदा माझं नाव नि पत्ता. तेवढं जड होतं का तिला?"

"तसं नाही बाई. फी वाढते."

"बरं," बाई म्हणाल्या.

एप्रिलच्या उन्हात त्या रिक्षानं चार बँकांत जाऊन आल्या. अनघाच्या जुन्या कोऱ्या सह्या होत्याच, सव्वीसच्या सव्वीस ठेवींवरून नाव काढलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या. अनघाला मी सांगेपर्यंत कळलंही नव्हतं.

सव्वीस ठेवी ज्यात नव्हत्या तो पहिला फॉर्म पुढच्या वर्षाच्या हिशेबाचा. त्यासाठी अनघा आली तेव्हा मी तो तयार ठेवला होता. इथल्या खात्यांच्या तीन ओळी, बस. मला वाटलं ती खूश होईल. ती कागद बघत राहिली आणि म्हणाली, "किती रिकामं दिसतंय, काकू."

त्या दिवशी मी कामाचा एक नियम मोडला आणि दिलेला एक शब्दही. स्क्रीन तिच्याकडे वळवली आणि वहीची पानं उघडली. म्हटलं, "शेवटचा रकाना बघ. मी चहा करते."

मी चहा मुद्दाम सावकाश केला. परत आले तर ती नाक पुसत फोनवर होती.

"आजी, परत घाल माझं नाव."

"आता काय झालं? रिक्षावाला दोनशे रुपये घेतो जायचे."

"एकावर तरी घाल."

"कोणत्या?"

"गोवर."

तिकडे पुन्हा पंखा बंद झाला. मग बाई म्हणाल्या, "त्या लंडनच्या बाईंना दे फोन." मी घेतला. "दाखवलंतच ना? मी म्हटलं होतं, डोक्यावर बसेल." रागावल्या होत्या की नाही, मला आजही सांगता यायचं नाही. पुढच्या हिशेबात फॉर्मवर चौथी ओळ होती. बाई होत्या तोवर दरवर्षी ती ओळ अनघानं स्वतः टाइप केली. मला हात लावू दिला नाही.

आता वॉल्टर नाहीत. ऑफिसच्या जागी नखं रंगवायचं दुकान आहे, ड्रायक्लीनर मात्र आहे. मी कधीमधी बसनं तिथून जाते, वर बघते. चेस्टनटला पानं असली तर काच अजून हिरवी दिसते.

ईरा, नील, या अंकाबरोबर पाकिटात तुम्हाला बँकेचे दोन फॉर्म सापडतील. माझ्या आईचा पुण्यातला फ्लॅट विकला त्याचे पैसे आले, त्यातल्या थोड्यांच्या मी दोन एफडी करते आहे, एकीवर ईराचं नाव, दुसरीवर नीलचं. प्रत्येकीची रक्कम मुद्दाम दहा हजार डॉलरच्या थोडी वर ठेवली आहे. खाली ठेवली असती तर तुम्हाला काही कळवावं लागलं नसतं. व्याजावर तिकडे जो काय कर पडेल तो मी वेगळा पाठवीन. म्हणजे तेवीस वर्षं लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं तेच मी करते आहे, फरक इतकाच की मी विचारून करते आहे.

सहीची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवली आहे. टीव्ही बंद करा, आधी सगळं वाचा, बाबाकडून समजून घ्या, आणि नको वाटलं तर सही करू नका. मी मनात काही ठेवणार नाही. केलीत तर दर वसंतात तो फॉर्म भरताना एका जागी माझं नाव लिहावं लागेल आणि त्याखाली पत्ता. गाव स्टॅनमोर लिहा, लंडन नको. दाराचा नंबर तुम्हाला ठाऊक आहे, निळ्या दाराचं घर. पोस्टकोड आठवला नाही तर फोन करा. मी सांगेन, एकेक अक्षर, सावकाश.